धूसरपणा पडद्यावर कमी, डोळ्यात जास्त

कॉम्प्युटरवर भरपूर मजकूर असलेली एखादी विंडो उघडा. माउसने ती पकडून बेताच्या वेगाने डावीकडून उजवीकडे सरकवत राहा आणि सरकत असतानाच त्यातली अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर कडा फिसकटलेल्या दिसतील, बारीक अक्षरं लागणारच नाहीत. विंडो थांबवली की मजकूर पुन्हा लख्ख. आता कोणाला तरी ती सरकवायला सांगा आणि कॅमेरा स्थिर धरून जलद शटरने फोटो काढा. फोटोत तीच अक्षरं बरीच स्पष्ट आलेली असतात. म्हणजे या धूसरपणातला मोठा वाटा पडद्यावर नसतोच, तो आपल्या डोळ्यात तयार होतो. गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने दुकानात जाण्याआधी एवढी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण खोक्यावरच्या निम्म्या आकड्यांचा अर्थ तिच्यावरून लागतो.

हलत्या वस्तूचा पाठलाग करताना आपली नजर सलग फिरते. मॉनिटर मात्र चित्र सलग हलवत नाही. तो एक फ्रेम दाखवतो, पुढची येईपर्यंत ती जागच्या जागी धरून ठेवतो आणि मग एकदम पुढच्या जागी दुसरी फ्रेम मांडतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद स्थिर असते. तेवढ्यात नजर पुढे गेलेली असते, त्यामुळे ते स्थिर चित्र दृष्टिपटलावर ओढलं जातं. किती ओढलं जातं याचा हिशेब सोपा आहे. गेममधली एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने पळत असेल, तर ६० हर्ट्झला तिची कड १६ पिक्सेल पसरते, १२० हर्ट्झला ८ आणि २४० हर्ट्झला ४. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर हा त्रास जवळपास नव्हता. तिथे फॉस्फरचा ठिपका क्षणभर चमकून विझायचा आणि फ्रेमचा उरलेला काळ ती जागा काळी असायची. आजचे काही मॉनिटर मागचा प्रकाश झटक्याझटक्याने चालू-बंद करून तोच परिणाम साधतात. चित्र खरंच स्वच्छ दिसतं, पण उजेड कमी होतो आणि काहींचं डोकं दुखू लागतं.

मग खोक्यावर ठळक छापलेलं ‘१ एमएस’ कशाचं? ते बहुधा असतं पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणाऱ्या वेळेचं. फ्रेम किती वेळ धरून ठेवली जाते याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय हा आकडा बहुधा ओव्हरड्राइव्हच्या सर्वांत आक्रमक सेटिंगवरचा असतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला क्षणभर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन पळवणं. जास्त पळवलं की तो हव्या त्या छटेच्या पुढे निघून जातो आणि हलत्या वस्तूमागे उजळ भुतासारखी कड उमटते. माझं स्पष्ट मत आहे की ते सेटिंग मधल्या पायरीवर ठेवावं आणि जाहिरातीतला १ मिलिसेकंद विसरावा.

पिक्सेलला वेळ लागतो, कारण एलसीडीमध्ये रेणू खरोखरच वळतात. १८८८ मध्ये प्रागमध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक रायनित्झर गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं एक संयुग तापवत होते. १४५.५ अंश सेल्सियसला ते वितळलं, पण द्रव गढूळच राहिला. तो नितळ झाला १७८.५ अंशांना. या दोन टप्प्यांमधली गढूळ अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक: द्रवासारखी वाहणारी, तरी रेणूंची दिशा राखणारी. विजेच्या दाबाने ही दिशा फिरवता येते आणि तिच्यातून जाणारा प्रकाश कमी-जास्त करता येतो. द्रव थंडीत दाटतो, म्हणून गारठलेल्या खोलीत सुरू केलेला मॉनिटर पहिली काही मिनिटं जरा जड चालतो.

या कथेत भारतातलं एक पान आहे आणि ते मला अतिशय मोलाचं वाटतं. १९७७ मध्ये बंगळूरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काडीसारखे लांबट रेणूच नव्हे, तर चकतीसारखे चपटे रेणूही द्रव-स्फटिक होतात. पुढे अशाच चकत्यांच्या रेणूंची पातळ फिल्म टीएन या जुन्या प्रकारच्या एलसीडी पडद्यांवर बसवली गेली आणि बाजूने पाहिल्यावर रंग उडण्याचा त्यांचा दोष बराच आटोक्यात आला. मॉनिटरच्या चर्चेत या कामाचा उल्लेख व्हायलाच हवा.

आज टीएन मागे पडलं आहे. खरी निवड आयपीएस व व्हीए हे एलसीडीचे दोन प्रकार आणि ओएलईडी यांत करायची असते. आयपीएसचे रंग भरवशाचे असतात आणि वेगही चांगला मिळतो, पण काळा रंग काहीसा राखाडी दिसतो. साधारण १०००:१ एवढाच कॉन्ट्रास्ट मिळतो. व्हीएमध्ये तो ३०००:१ च्या आसपास जातो, मात्र काळ्याकडून गडद करड्याकडे जाताना पिक्सेल रेंगाळतात आणि रात्रीच्या दृश्यांत हलत्या वस्तूंमागे काळे फराटे दिसतात. निवांत, कथाप्रधान गेम खेळणाऱ्याने व्हीए जरूर घ्यावा. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेमसाठी मी तो सुचवणार नाही.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. १९८७ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा असा दिवा बनवला. रेणू वळवायचे नसल्याने छटा मिलिसेकंदाच्याही छोट्या अंशात बदलते आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. तरीही सेकंदाला ६० फ्रेमचा गेम ओएलईडीवर खेळलात, तर सेकंदाला ९६० पिक्सेल पळणाऱ्या वस्तूची कड १६ पिक्सेल पसरणारच, कारण फ्रेम तिथेही धरूनच ठेवली जाते. शिवाय एकाच जागी तासन्‌तास राहणारी चित्रं, म्हणजे टास्कबार, गेममधला नकाशा, एक्सेलची चौकट, कालांतराने पडद्यात कायमची उमटू शकतात. दिवसभर त्याच पडद्यावर ऑफिसचं काम करणार असाल तर आयपीएस बरा.

आता हर्ट्झ. ६० वरून १४४ वर गेल्याने फ्रेमचा काळ १६.७ वरून ६.९ मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० ला २.८ वाचतात आणि २४० वरून ३६० ला जेमतेम १.४. किंमत मात्र या उतरणीने कमी होत नाही. पहिली उडी कोणालाही जाणवते, शेवटची बहुतांश लोकांना जाणवत नाही. पण या सगळ्याला एक अट आहे: तेवढ्या फ्रेम ग्राफिक्स कार्डने बनवायला हव्यात. कार्ड सेकंदाला ७० फ्रेमच देत असेल तर २४० हर्ट्झचा पडदा एकच फ्रेम तीन-चारदा दाखवत बसतो आणि धूसरपणा ७० फ्रेमचाच राहतो.

रिझोल्यूशनही कार्डच्या ताकदीवर ठरवायचं. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि फोर-के म्हणजे ८२.९ लाख. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे असतात. उलट बाजूने डोळ्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ६० सेंटिमीटरवरून ते अंतर ०.१७ मिलिमीटर भरतं. २७ इंची पडद्यावर १०८०पीचा पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तो दाणेदार दिसतो. १४४०पीचा ०.२३ चा आणि फोर-केचा ०.१६ चा, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्याही आत. १०८०पी घ्यायचा तर २४ इंचांवर थांबावं. मध्यम ताकदीच्या कार्डासाठी २७ इंच, १४४०पी, १४४ ते १८० हर्ट्झचा आयपीएस ही मला आजची सर्वांत समंजस खरेदी वाटते.

त्यात व्हेरिएबल रिफ्रेश रेट असायलाच हवा. कार्डच्या फ्रेम कधी लवकर, कधी उशिरा तयार होतात. पडदा ठरलेल्या ठेक्यानेच चालला तर चित्र मधोमध फाटतं किंवा अडखळतं. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, पाठोपाठ एएमडीचं फ्रीसिंक आलं. दोन्हीत पडदा कार्डची वाट पाहतो. फ्रेम तयार झाली की लगेच दाखवतो. एचडीआरच्या, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला मोठा फरक दाखवण्याच्या, साध्या बिल्ल्यासाठी मात्र जादा पैसे मोजू नका. एलसीडीवर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ लिहिलेलं असलं तरी पडद्याच्या वेगवेगळ्या भागांचा उजेड स्वतंत्रपणे कमी-जास्त होईलच असं नाही आणि एचडीआरचा खरा परिणाम त्यावरच अवलंबून असतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मॉनिटर पाहाल, तेव्हा दुकानदाराने लावलेल्या झगमगीत व्हिडिओवर विसंबू नका. त्याला आपला नेहमीचा एखादा गेम किंवा सरकता मजकूर दाखवायला सांगा. घरी आल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट तपासा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावरही तो अनेकदा ६० वरच राहिलेला असतो. यादीत मोठा आकडाच दिसत नसेल तर जुनी एचडीएमआय केबल काढून डिस्प्लेपोर्टची लावून पाहा. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पडद्यावर भरून बंद पडलेले पिक्सेल शोधा. बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतलं थर्माकोल टाकून देऊ नका.