प्रसूतिवेदनांचे शमन : स्त्रीची इच्छा विचारायची कधी?

कुंभकोणम् (तमिळनाडू) : कुंभकोणम्पासून सुमारे २० किलोमीटरवर तिरुकरुकावूर येथे गर्भरक्षांबिकेचे प्राचीन देवस्थान आहे. नावाप्रमाणेच ही देवी गर्भाचे रक्षण करणारी मानली जाते. अपत्याची इच्छा असलेल्या दांपत्यांना येथे प्रसाद म्हणून तूप मिळते, तर गरोदर स्त्रियांना देवीच्या चरणी ठेवलेले एरंडेल दिले जाते. वेणा सुरू झाल्या की ते पोटावर हलक्या हाताने चोळावे, म्हणजे प्रसूती सुखरूप होते, अशी श्रद्धा आहे. तेलाच्या गुणाविषयी कोणाचे काहीही मत असो, या प्रथेत एक शहाणपण दडलेले आहे. कळा येतील तेव्हा स्त्रीला काहीतरी हवे असेल आणि ते तिच्या हाताशी आधीपासून असले पाहिजे, हे त्यात गृहीत धरले आहे. रुग्णालयातील वेदनाशमनाच्या बाबतीत मात्र एवढी पूर्वतयारी क्वचितच दिसते.

तमिळनाडूत घरी होणारी बाळंतपणे जवळजवळ संपली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातील ९९.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होतात. त्याच सर्वेक्षणात सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण ४४.९ टक्के नोंदले गेले. देशाची सरासरी २१.५ टक्के आणि महाराष्ट्राचे प्रमाण २५.४ टक्के होते. तमिळनाडूच्या खासगी रुग्णालयांत तर १०० पैकी जवळजवळ ६४ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. यामागे अनेक कारणे आहेत. आधीचे सिझेरियन, वाढलेले वय, मुहूर्ताचा आग्रह, रुग्णालयाची सोय ही त्यातली काही, आणि वेदनेची भीती हेही एक. तेच सर्वांत मोठे कारण आहे असे म्हणता येणार नाही. पण वेणा निमूटपणे सोसणे किंवा पोट उघडून घेणे एवढे दोनच मार्ग स्त्रीसमोर असतील, तर तिने दुसरा मार्ग पत्करला याला तिची पसंती म्हणणे कठीण आहे.

तमिळमध्ये नैसर्गिक प्रसूतीला ‘सुगप्रसवम्’ म्हणजे सुखप्रसव म्हणतात. मराठीतही ‘सुखरूप बाळंत झाली’ हाच वाक्प्रचार आहे. दोन्हींतील ‘सुख’ हे परिणामाचे आहे. आई आणि मूल सुखरूप आहेत एवढेच त्यातून कळते. मधल्या बारा-चौदा तासांची कोणी विचारपूस करत नाही.

या मधल्या तासांविषयी तमिळ स्त्रिया काय मानतात, याचा बारकाईने शोध अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सेसिलिया व्हॅन हॉलेन यांनी १९९० च्या दशकात चेन्नई परिसरातील वस्त्यांत राहून घेतला. ‘बर्थ ऑन द थ्रेशोल्ड’ (२००३) या त्यांच्या ग्रंथात ‘वलि’ म्हणजे वेदना आणि ‘शक्ती’ यांचा संबंध स्त्रियांच्याच बोलण्यातून पुढे येतो. कळा जोरात आल्या तर प्रसूती लवकर आटोपेल, या अपेक्षेने कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन घेण्यास अनेकींची तयारी होती. पाश्चात्त्य देशांत या औषधाच्या जोडीला वेदनाशामक देण्याची रीत आहे. येथे कळा वाढवल्या जात, पण त्या सुसह्य करण्याची सोय नसे. म्हणजे इंजेक्शनला स्त्रियांचा विरोध नव्हताच. कोणते इंजेक्शन कशासाठी, हे त्यांना किती सांगितले जाई, हा खरा प्रश्न होता. प्रसूतिकक्षात टोचल्या जाणाऱ्या प्रत्येक सुईने दुखणे कमी होते, हा समज आजही अनेक घरांत आहे.

प्रत्यक्षात उपलब्ध उपायांमध्ये सर्वांत परिणामकारक आहे एपिड्यूरल. कमरेच्या दोन मणक्यांमधली जागा आधी बधिर करून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत एक बारीक नळी बसवली जाते आणि तिच्यातून सौम्य प्रमाणात भुलीचे औषध सोडले जाते. साधारण १५ ते २० मिनिटांत कळांची तीव्रता ओसरते, पण स्त्री पूर्ण शुद्धीवर असते. रक्तदाब उतरणे, खाज, थोडा ताप, लघवीला अडचण हे त्रास होऊ शकतात. क्वचित काही दिवस टिकणारी तीव्र डोकेदुखी उद्भवते. रक्त गोठण्याचा विकार असेल किंवा सुई टोचण्याच्या जागी संसर्ग असेल, तर हा उपाय करता येत नाही.

याविषयीच्या दोन भीती फार रुजलेल्या आहेत. पहिली, कण्यात सुई दिली की कंबर जन्माची धरते. दुसरी, एपिड्यूरल घेतले की हमखास सिझेरियन होते. २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने ४० चाचण्यांचा आणि त्यांतील ११ हजारांहून अधिक स्त्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात या दोन्ही समजुतींना आधार मिळाला नाही. दीर्घकालीन पाठदुखीही वाढलेली आढळली नाही आणि सिझेरियनचे प्रमाणही. चिमटा वा व्हॅक्यूम लावून प्रसूती करण्याचे प्रमाण जुन्या चाचण्यांत अधिक होते. औषधाचे प्रमाण सौम्य केलेल्या २००५ नंतरच्या चाचण्यांत तो फरक उरला नाही. प्रसूतीचा काळ मात्र काहीसा लांबू शकतो, आणि ते स्त्रीला आधी सांगायला हवे.

एपिड्यूरलसाठी भूलतज्ज्ञ लागतो, तोही रात्री-अपरात्री. तालुक्याच्या रुग्णालयात अडचण नेमकी तिथे येते. तुलनेने सोपा पर्याय म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे समप्रमाणातील मिश्रण. मुखवटा स्त्रीने स्वतः हाती धरायचा आणि कळ सुरू होताच श्वास घ्यायचा. कळ ओसरली की मुखवटा बाजूला. वेदना पूर्ण जात नाहीत, गरगरते, मळमळते, पण नियंत्रण तिच्या हाती राहते. पेथिडिन, ट्रामाडॉल यांसारखी इंजेक्शने स्वस्त आणि सुलभ आहेत. मात्र त्यांनी गुंगी येते, उलट्या होतात, आणि पेथिडिनसारखे औषध जन्माच्या अगदी आधी दिले गेल्यास बाळाचा श्वास मंदावण्याची शक्यता असते.

औषधाशिवायचे उपायही दुय्यम मानण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत मागणी करणाऱ्या निरोगी गरोदर स्त्रीला तिच्या पसंतीनुसार एपिड्यूरल द्यावे असे म्हटले आहे, तसेच मालिश, गरम शेक, श्वसनाची तंत्रे यांचीही शिफारस केली आहे. तिरुकरुकावूरचे तेल पोटावर चोळणारा आईचा वा बहिणीचा हात इथे वैद्यकाच्या चौकटीत येऊन बसतो. (एरंडेल पिण्याची गोष्ट वेगळी. पोटात गेल्यास ते जुलाब लावते; ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.) सोबतीचा परिणाम तर मोजलेला आहे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत कोणी सोबत असलेल्या स्त्रियांना वेदनाशामक कमी लागले, सिझेरियन कमी झाले आणि बाळंतपणाची कटू आठवणही कमी जणींच्या मनात राहिली. तमिळनाडूने सरकारी प्रसूतिकक्षांत सोबतिणीला प्रवेश देण्याची योजना २००४ मध्येच आणली. केंद्राने तशी परवानगी २०१६ मध्ये दिली.

मग पसंती विचारायची कधी? कळा ऐन भरात असताना दिलेले उत्तर हा विचारपूर्वक निर्णय नसतो, आणि तोवर भूलतज्ज्ञाला बोलावण्याची वेळही टळून गेलेली असू शकते. सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणी ही त्याची योग्य वेळ. पण कावेरीच्या खोऱ्यात, महाराष्ट्राप्रमाणेच, पहिलटकरीण माहेरी जाते. ‘वळैकाप्पु’ हा बांगड्या भरण्याचा समारंभ, म्हणजे तिकडचे डोहाळजेवण, झाला की ती आईकडे निघते. तपासण्या एका गावात, प्रसूती दुसऱ्या गावात. सासरच्या डॉक्टरांशी झालेले बोलणे माहेरच्या रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो सोनोग्राफीचा अहवाल आणि हिमोग्लोबिनचा आकडा. माता-बाल संरक्षण कार्डावर तिची इच्छा लिहिलेली असेल, तर ती कार्डाबरोबर गावोगाव जाऊ शकेल.

शिवाय निर्णय तिचा असला, तरी खर्चाच्या आणि संमतीच्या कागदावर सही बहुधा घरातल्या दुसऱ्या कोणाची असते. ‘आम्ही नाही का सोसले’ हे वाक्य मराठी घरांत जितके ऐकू येते, तितकेच तमिळ घरांतही. दुसरीकडे, औषध नको म्हणणारी स्त्रीही तितकीच गांभीर्याने ऐकली गेली पाहिजे. पुढे कळा असह्य होऊन तिने मत बदलले, तर आधीचा नकार तिच्यावर बंधनकारक धरता येत नाही. प्रसूतीसाठी नाव नोंदवताना कुटुंबाने दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात : वेदनाशमनाचे कोणते उपाय येथे आहेत, आणि रात्री दोन वाजता त्यांतले कोणते मिळतील.