अंगणातले खिळे, काचा आणि काही हट्टी समजुती

दिवाळी संपली की अंगणात फुलबाज्यांच्या तारा विखुरलेल्या असतात, रॉकेट लावायला उभ्या केलेल्या बाटलीचा एखादा तुकडा कुंडीमागे गेलेला असतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर सेंट्रिंगचे खिळे पुढे कितीतरी दिवस पायाखाली येत राहतात. हे सगळं आवरताना, आणि काही लागलंच तर उपचार करताना, आपण ज्या समजुतींवर विसंबतो त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. एकदोन तर जिवावर बेतणाऱ्या आहेत.

सगळ्यात हट्टी समज गंजाचा. ‘खिळा गंजलेला होता का?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘नव्हता’ म्हटलं की घर निर्धास्त होतं. धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूमुळे. त्याचे बीजाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं टिकून राहतात आणि हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत वाढतात. गंजका खिळा बहुतेक वेळा मातीत पडलेला असतो आणि खोल रुततो, एवढाच गंजाचा संबंध. मातीत पडलेला कोरा खिळा, बाटलीची काच, बाभळीचा काटा, सगळ्यांचा धोका तोच. आणि तरीही रक्त थांबावं म्हणून जखमेवर माती किंवा शेण लावणारे लोक आहेत! ते तर रोगाचं बी आपल्या हाताने पेरणं झालं. हळद, चुना, तंबाखू, कॉफीची पूड यांपैकीही काही भरू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुवावी.

इंजेक्शनाबद्दल दोन टोकाचे समज आहेत. दर खरचटण्याला ते घ्यावं लागतं, हा एक. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील, तर स्वच्छ आणि किरकोळ जखमेसाठी शेवटचा डोस 10 वर्षांच्या आतला असला की पुरतो. खोल किंवा मातकट जखमेसाठी 5 वर्षांच्या आतला. दुसरा समज, चोवीस तास उलटले की लस घेऊन उपयोग नाही. धनुर्वाताची लक्षणं साधारण 3 ते 21 दिवसांत दिसतात. म्हणून उशीर झाला तरी जावंच. लहानपणीचे डोस झालेच नसतील तर मातकट जखमेसाठी लसीच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. बायकांना गरोदरपणी घेतलेली लस तरी आठवते, घरातल्या पुरुषांना बहुधा काहीच आठवत नाही. शेवटच्या डोसची तारीख प्रत्येकाने लिहून ठेवावी.

‘काच एक्स-रेत दिसत नाही’ हेही खरं नाही. अगदी बारीक कण सोडले तर काच दिसते, मग ती कितीही पारदर्शक असो. दिसत नाही तो काटा आणि लाकडाची सळ. त्यासाठी सोनोग्राफी लागते. म्हणून काय घुसलं ते डॉक्टरांना नेमकं सांगावं. मोठा तुकडा खोल रुतला असेल तर घरी ओढून काढू नये, रक्तस्राव वाढू शकतो.

आता प्रत्यक्ष सफाई. पायात चप्पल आहे एवढ्यावर विसंबू नका, हवाई चपलेचा तळ खिळा सहज भेदतो. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तर टोचलेलं कळतही नाही. जाड तळव्याचे बंद बूट हवेत. कापडी हातमोजे काच अडवत नाहीत. चामड्याचे असले तरी तुकडा चिमट्यानेच उचलावा.

लोहचुंबक फिरवला की अंगण साफ झालं, असं अनेकांना वाटतं. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीलगत फिरवला तर खिळे आणि लोखंडी तारा छान गोळा होतात. पिशवी उलटी केली की सगळं आत. पण अॅल्युमिनियमचा पत्रा, तांब्याची तार, स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार आणि काच तशीच मागे राहते. काचेसाठी रात्री विजेरी जमिनीलगत आडवी धरा, कण लगेच चमकतात. फरशीवरचे बारीक कण ओल्या वर्तमानपत्राने टिपा. मातीत काच फुटली असेल तर खराटा ती आणखी पसरवतो. वरची थोडी माती फावड्याने खरवडून वाळूच्या चाळणीतून काढणं हाच खात्रीचा उपाय.

खड्ड्यात पुरणं हा उपाय नाही. काच कुजत नाही. पावसाने माती वाहून जाते किंवा कुणाची तरी कुदळ पडते आणि ती वर येते. उकिरड्यावर टाकणं त्याहून वाईट, कारण तिथून तार आणि खिळे खतातून शेतात, चाऱ्यात पोचतात. गाय चारा भराभर गिळते. खिळा तिच्या जाळीपोटात अडकतो, आणि हृदय त्याच्या अगदी पुढे, मधल्या पडद्यापलीकडे असतं. पोटाच्या आकुंचनाने खिळा तिथवर घुसला तर जनावर वाचणं कठीण. पशुवैद्य काही वेळा गायीच्या पोटात चुंबक सोडतात ते यासाठीच.

काच आणि पत्रा कागदाच्या जाड थरांत गुंडाळून खोक्यात भरा, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहा आणि घंटागाडीवर हातात द्या. तो कचरा पुढे कुणीतरी हातानेच वेगळा करतं. इंजेक्शनच्या सुया आणि ट्यूबलाइट 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. सुया घट्ट झाकणाच्या जाड डब्यात, ट्यूब कागदात गुंडाळून, दोन्ही स्वतंत्रपणे द्यायच्या.