‘काही तक्रार आहे?’

रिमांडच्या वेळी दंडाधिकारी आरोपीला विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?” आरोपी म्हणतो, “नाही साहेब.” ठाण्यातले हवालदार त्याच्या मागेच उभे असतात आणि कोठडी वाढली तर परत त्यांच्याच गाडीत बसायचं असतं. कागदावर ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. ‘खरंच मारलं असतं तर तेव्हाच बोलला असता’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा रिमांड कोर्टात जाऊन बसावं.

‘पट्टा काढल्याशिवाय चोर बोलत नाही’ हा समज तर मध्यमवर्गातही लाडका. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब सर्वसाधारणपणे न्यायालयात चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीही आपल्या पोलिसांवर तेवढा विश्वास टाकला नव्हता. मग मारतात कशाला? आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल निघाला, तर तेवढं निवेदन ग्राह्य ठरतं. ही फट नव्या पुरावा कायद्यातही कायम आहे.

पोलिसांना कायदा लागू नाही, हेही खोटं. कबुलीसाठी दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली ७ वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला १० वर्षांपर्यंत कैद आहे. घोडं पेंड खातं ते पुढे. स्टेशन डायरी, कॅमेरे, साक्षीदार, सगळं आरोप असलेल्यांच्याच खात्याच्या ताब्यात. वर खटल्याला सरकारच्या मंजुरीचा वाद. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २००१ ते २०२० या काळात पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू झाले, शिक्षा झाली २६ पोलिसांना. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये अटकेतला कायद्याचा विद्यार्थी दगावला. साधा गुन्हा नोंदवण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला आणि त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हरलं.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही.

घरचं कोणी आत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल लक्षात ठेवा: अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. तळपायावरचा मुका मार वरवर पाहून कळत नाही. डॉक्टरांना त्याला चालवून बघायला सांगा. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं, असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.