मिरगी : अंगातले भूत नव्हे, मेंदूतील बिघाड!

खेड्यापाड्यांत आणि शहरांतील वस्त्यांत आजही कुणाला फिट आली की आधी कांदा किंवा चप्पल हुंगवतात आणि मग देवऋषी गाठतात. अंगारा, गंडादोरा, मिरचीची धुरी यांत वर्षे जातात आणि आजार बळावतो. मिरगी हा देवीचा कोप नाही, करणी नाही, गेल्या जन्मीचे पापही नाही. मेंदूच्या पेशींत अचानक विजेचा कल्लोळ उठतो, त्यातून झटका येतो. आज हे यंत्राने तपासता येते.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, फंक्शनल एमआरआय मेंदूचे काम दाखवतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथल्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते. १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलेल्या या तत्त्वावर ही तपासणी उभी आहे. पेट स्कॅनमध्ये दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदूचा दोषी भाग बहुधा साखर कमी वापरताना आढळतो.

अर्थात प्रत्येक रुग्णाला हे लागत नाही. निदानाची सुरुवात झटका पाहणाऱ्याने सांगितलेल्या हकिकतीने होते, जोडीला ईईजी असतो. योग्य औषधांनी शंभरातील सत्तर रुग्ण झटक्यांपासून मुक्त होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. तिथे दोषी भाग काढायचा, पण वाचा आणि हालचाल शाबूत ठेवायची असते. पूर्वी त्यासाठी मेंदूच्या धमनीत औषध सोडून अर्धा मेंदू काही मिनिटे झोपवावा लागे. आता अनेकदा ते काम फंक्शनल एमआरआय करतो. केंद्र सरकारच्या त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत.

पण यंत्रापुढेही शिक्षणाचा प्रश्न सुटत नाही. वाचेचे केंद्र शोधताना रुग्णाला शब्द वाचायला देतात. ज्याला शाळाच मिळाली नाही, त्याने काय वाचावे? त्याला त्याच्या बोलीत शब्द ऐकवले पाहिजेत, चित्रे दाखवली पाहिजेत. ही मेहेरबानी नव्हे, अचूक तपासणीची अट आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची आडकाठी गेली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि धुरी गुन्हा ठरवली. तरीही मुलीला फिट येते हे लपवले जाते, सुनेला माहेरी धाडले जाते.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो. मग घरात झटका आला की पाय देवऋषीकडे का वळावेत? रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिरगीची औषधे आणि सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी मिळावी, यासाठी विहाराविहारांतून ठराव करून निवेदने द्या. नवस फेडून मेंदू बरा होत नाही. उपचार हा आपला हक्क आहे, तो मागितलाच पाहिजे!