बेटावरचे घड्याळ

मे महिन्यातील एक दुपार डोळ्यांपुढे आणा. जळगावात पारा ४५ अंशांवर गेला आहे, धुळ्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि खिडकीला ओले पडदे लावून तुम्ही घरात बसला आहात. अशा वेळी कोणी म्हणाले, "चला, बेटावर राहायला जाऊ. तेथे समुद्र आहे, फळझाडे आहेत आणि कसलीही घाई नाही," तर तुम्ही नक्कीच उठून बसाल.

असे एक बेट गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी आले. पुण्याहून आलेल्या भाच्याने आपले खेळाचे यंत्र सोबत आणले होते. खेळाचे नाव 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो २० मार्च २०२० रोजी जगभर प्रसिद्ध केला. पाचच दिवसांनी आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली. जगभर माणसे घरांत कोंडली गेली होती, आणि त्यांतील कित्येकांनी या बेटाचा आसरा घेतला. आजवर या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. या मालिकेतील पहिला खेळ २००१ साली जपानमध्ये निघाला. त्याची कल्पना कात्सुया एगुची यांची. नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला आल्यावर घरच्या माणसांची आणि मित्रांची उणीव त्यांना भासू लागली, त्यातून हा खेळ सुचला.

या खेळात शत्रू नाही, गोळीबार नाही, हारजीत नाही. तुम्ही बेटावर तंबू ठोकता, मासे आणि कीटक पकडता, झाडे लावता, बेडूक-हरीण-मांजर असल्या शेजाऱ्यांशी गप्पा मारता. टॉम नूक नावाचा तनुकी (हा कुत्र्याच्या कुळातील जपानी प्राणी) तुम्हाला घरासाठी कर्ज देतो. तेथील नाण्याला 'बेल' म्हणतात. बेल म्हणजे घंटा, महादेवाला वाहतो तो नव्हे. घराचे पहिले कर्ज ९८,००० बेलचे असते. आकडा पाहून नवखा खेळाडू घाबरतो आणि दिवसरात्र मासे विकत सुटतो. त्याचे कारण नाही. या कर्जावर व्याज नाही आणि फेडीची मुदतही नाही. असा सावकार आपल्याकडे कोणी पाहिला असल्यास मला अवश्य कळवावे!

हे यंत्र आपल्या जिल्ह्यांत फार थोड्या घरी असेल. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी पान उलटू नये. यातील महत्त्वाचा भाग वही-पेन्सिलीवरही खेळता येतो, तो पुढे सांगतो.

प्रथम बेटावरचे घड्याळ पाहू. बहुतेक खेळांत दिवस पाच-दहा मिनिटांत उलटतो. येथे तसे नाही. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की बेटावरही नऊच वाजतात. दुकान सकाळी आठला उघडते, रात्री दहाला बंद होते. नवा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आज लावलेले रोप उद्या थोडे वाढलेले दिसते, आणि तोडलेली फळे पुन्हा धरायला तीन दिवस लागतात.

आता प्रश्न असा, की यंत्र रात्री बंद असते, मग रोप वाढते कोठे? माझ्या कन्येने हा प्रश्न विचारला तेव्हा मला आनंद झाला, कारण उत्तर सोपे आणि सुंदर आहे. रोप वाढतच नाही! खेळ बंद असला तरी घड्याळ तेवढे चालू असते. अशा घड्याळांत बहुधा क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत असतो. हाच आकडा का? त्याची निम्मी करीत जा: १६,३८४, ८,१९२, ४,०९६... पंधराव्या वेळी बरोबर १ उरतो. दोनाने भागणे हे विद्युत्‌मंडलाला सर्वांत सोपे काम, म्हणून हा आकडा निवडला. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. सकाळी तुम्ही खेळ उघडता तेव्हा यंत्र शेवटची वेळ आणि आताची वेळ यांची वजाबाकी करते, आणि मधल्या काळात जे व्हायला हवे होते ते एकदम करून टाकते. रोप वाढते, तण माजते, फळ धरते. बेटावरची रात्र म्हणजे एक वजाबाकी!

साहजिकच कोणालाही मोह होतो, की यंत्राचे घड्याळच पुढे सरकवले तर? सरकवता येते, आणि रोप लगेच वाढलेलेही दिसते. नवख्यांना माझा सल्ला मात्र असा, की तेथे हात लावू नका. हा सल्ला मी ठेच खाऊन देत आहे.

बेटावर दर रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारापर्यंत डुकराची एक मुलगी सलगम विकायला येते. भाव ९० ते ११० बेलच्या दरम्यान. सोमवारपासून शनिवारपर्यंत दुकानदार तेच सलगम विकत घेतो, पण त्याचा भाव रोज दोनदा बदलतो, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी बारानंतर. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सलगम सडतात. जपानी भाषेत 'काबू' म्हणजे सलगम आणि 'काबू' म्हणजेच कंपनीचा शेअर. या श्लेषावर ही सारी गंमत उभी आहे. आपल्या खानदेशी वाचकांना मात्र शेअरबाजारापेक्षा जवळचे उदाहरण आहे. कापूस भाव येईपर्यंत घरात भरून ठेवता येतो. केळीचे तसे नाही. रावेर-सावद्याकडे घड कापणीला आला की शेतकऱ्याला थांबायला फार दिवस नसतात. भाव पडलेला असो वा चढलेला, माल हलवावाच लागतो. बेटावरचे सलगम केळीच्या जातीचे आहे.

कन्येने साठवलेल्या एक लाख बेलचे सलगम घेतले होते. बुधवारी आम्ही एका लग्नाला जळगावला गेलो आणि त्या दिवसाचे दोन्ही भाव पाहायचे राहिले. मी भावांचा आलेख काढत होतो. त्यात दोन बिंदू कमी पडले. म्हणून गुरुवारी, कन्या झोपली असताना, मी यंत्राचे घड्याळ एक दिवस मागे घेतले. खेळ उघडला आणि पाहतो तो सारे सलगम सडलेले! यंत्राची वजाबाकी ऋण आली होती. काळ उलटा गेला हे त्याच्या लक्षात आले, आणि सलगमाबाबत त्याचा नियम कडक आहे. घड्याळ पुन्हा पुढे घेऊन काही उपयोग झाला नाही. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने काळाशी असा पोरखेळ करावा, याबद्दल घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोलले नाही.

आलेख मात्र पुढे कामी आला. हौशी खेळाडूंनी खेळाची आज्ञावली तपासून आठवड्याचे चार प्रकार शोधून काढले आहेत. पहिल्यात भाव वरखाली होत राहतो. दुसऱ्यात तो सोमवारपासून सतत उतरतो. १०० चा सलगम सोमवारी ८८ ला गेला आणि दर वेळी ४ ने उतरत गेला, तर शनिवारी दुपारी ४४ उरतात. तिसऱ्यात भाव आधी उतरतो आणि मग लहान उसळी घेतो, फार तर खरेदीच्या दुप्पट. चौथ्यात उतरल्यावर मोठी उसळी येते, दुपटीपासून सहापटीपर्यंत, आणि लगेच भाव कोसळतो.

अडचण ध्यानात आली ना? सुरुवातीचे उतरते बिंदू पाहून दुसरा प्रकार कोणता आणि चौथा कोणता हे सांगता येत नाही. घाबरून मंगळवारी विकले तर सहापट हुकण्याचा संभव. आशेवर थांबले तर निम्मे पैसे बुडण्याचा. पण एक गोष्ट निश्चित आहे. उसळी यायची असेल तर तिची सुरुवात उशिरात उशिरा गुरुवारच्या दुपारच्या भावात होते. तोवर भाव एकदाही चढला नाही, तर तो आठवडा उतरताच आहे. गुरुवारी विकून मोकळे व्हा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. घरी दोन नाणी उडवून चारांपैकी एक प्रकार निवडावा, बारा भाव कागदावर लिहून पाकिटात बंद करावे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे १०० च्या भावाचे १०० सलगम आहेत असे समजावे. रोज सकाळी एक आणि मधल्या सुट्टीनंतर एक भाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. ज्याला विकायचे असेल त्याने चिठ्ठी द्यावी आणि आलेखावर आपला बिंदू मांडावा.

यंत्र असणाऱ्यांसाठी आणखी थोडे. बेटावर सहा खडक असतात. फावड्याचे पटापट घाव घातले तर एका खडकातून आठपर्यंत वस्तू निघतात, पण प्रत्येक घावाला तुम्ही मागे फेकले जाता आणि वेळ हातची जाते. न्यूटनचा तिसरा नियम! खऱ्या जमिनीवर पायांचे घर्षण आपल्याला धरून ठेवते; येथे जणू बर्फावर उभे आहोत. म्हणून आधी आपल्या पाठीमागे दोन खड्डे खणा, म्हणजे मागे जायला जागाच राहत नाही. मात्र त्यापूर्वी फळ खाऊ नका. फळाने एवढी शक्ती येते की खडकच फुटतो. झाड हलवताना हातात जाळे धरा, कारण वरून कधी गांधीलमाश्यांचे पोळे पडते.

फुले एकाआड एक लावा आणि मध्ये मोकळी जागा ठेवा. लाल आणि पांढरे ट्युलिप शेजारी असतील व त्यांना रोज पाणी मिळाले, तर त्या जागेत कधी गुलाबी फूल येते. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यांवरून मांडलेले नियमच येथे वापरले आहेत. गुलाबाला चार जनुकजोड्या दिल्या आहेत, म्हणजे ३×३×३×३ = ८१ प्रकार. निळा गुलाब मिळवायला किती धीर लागतो याची यावरून कल्पना यावी.

सुरुवातीला उत्तर की दक्षिण गोलार्ध हे विचारतात, तेव्हा आपला उत्तर निवडा. पण डिसेंबरात बर्फ पडला तर गोंधळू नका. तेथील ऋतू जपानचे आहेत. रात्री कधी उल्का पडतात आणि सकाळी किनाऱ्यावर त्यांचे तुकडे सापडतात, ही मात्र निव्वळ कविकल्पना. खऱ्या उल्का बहुधा वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटरवरच जळून जातात. मोठा दगड आला तर काय होते, हे पाहायला बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावे. तेथील विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १३-१४ डिसेंबरच्या रात्री, आकाश निरभ्र असेल तर, मिथुन राशीतील उल्कावर्षाव गच्चीवरून पाहा. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

भाच्याने आपले यंत्र कन्येकडेच ठेवले आहे. या सोमवारी सकाळी भाव ८७ निघाला, दुपारी ८३, मंगळवारी सकाळी ७९. यंत्र आता तिच्या कपाटात असते, आणि किल्ली कोठे असते ते मला सांगितलेले नाही.