फ्लॅश स्मृती, अंतःस्थापित लिनक्स साधनांतील
विद्युत् पुरवठा बंद झाल्यावरही विदा टिकवून धरणाऱ्या अर्धसंवाहक स्मृतीच्या एका प्रकाराला फ्लॅश स्मृती म्हणतात. राऊटर, सेट-टॉप बॉक्स, मोटारगाडीतील पडदा इ. साधनांत ठराविक कामासाठी बसविलेला संगणक म्हणजे अंतःस्थापित संगणक होय. अशा पुष्कळ संगणकांत लिनक्स ही कार्यप्रणाली वापरतात व ती बहुधा फ्लॅश स्मृतीतच साठविलेली असते. त्यामुळे या स्मृतीत बिघाड झाल्यास सबंध साधनच निकामी होऊ शकते.

रचना व मर्यादा : जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती विकसित केली. तिचा नॉर हा प्रकार १९८४ मध्ये व नँड हा प्रकार १९८७ मध्ये जाहीर झाला. निरोधक थराने वेढलेल्या द्वारात विद्युत् भार साठवून विदा नोंदली जाते [⟶ अर्धसंवाहक]. नँड स्मृतीत लेखन पृष्ठागणिक होते; पुसण्याची क्रिया मात्र अनेक पृष्ठांच्या संपूर्ण खंडावरच करावी लागते. दर वेळी निरोधक थर थोडा झिजतो. कोशिकेत एकच अंक साठविणारी स्मृती सुमारे १,००,००० आवर्तने सहन करते. दोन अंक साठविणारी स्वस्त स्मृती बहुधा काही हजारच. थोडक्यात, फ्लॅश स्मृती ही कोऱ्या वहीसारखी नसून झिजणाऱ्या पाटीसारखी आहे.

हे लक्षात घेऊन लिनक्समध्ये उघड्या नँड स्मृतीसाठी यूबीआय व यूबीआयएफएस या यंत्रणा आहेत. त्या लेखन सर्व खंडांवर सारखे वाटतात व सदोष खंड वगळतात. ईएमएमसी प्रकारात हे काम स्मृतीच्या वेष्टनातील नियंत्रकच करतो. त्यामुळे झीज बाहेरून सहज दिसत नाही.

निदान : प्रथम स्मृतीवरील सर्व लेखन थांबवितात, कारण दुरुस्तीच्या घाईत केलेले लेखन उरलेली विदाही नष्ट करू शकते. साधन शक्यतो जाळ्यावरून अथवा स्वतंत्र कार्डावरून सुरू करतात, स्मृतीची प्रत काढून घेतात व कर्नेलचे संदेश तपासतात. पृष्ठे बिनचूक वाचता येतात, पण फाइलींची मांडणी विस्कटलेली असते, तेव्हा लेखन चालू असताना वीज गेली असण्याचा संभव असतो. त्रुटिनिवारक संकेताने दुरुस्त होणाऱ्या चुका व सदोष खंड वाढत असल्यास झीज हे कारण संभवते. स्मृती मुळीच ओळखली जात नसेल, तर विद्युत् दाब व डाखाचे सांधे तपासतात. ईएमएमसीच्या ५.० व पुढील आवृत्त्यांत नियंत्रक स्वतःच झिजेचा अंदाज दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत देतो. उघड्या नँड स्मृतीतील कारखान्यात केलेल्या सदोष खंडांच्या खुणा पुसल्या जाणार नाहीत, ही दक्षता आवश्यक असते.

उदाहरण व प्रतिबंध : टेस्ला कंपनीच्या २०१२ ते २०१८ च्या आरंभापर्यंतच्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ च्या आरंभापर्यंतच्या मॉडेल एक्स मोटारींतील लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ८ गिगाबाइटांची ईएमएमसी स्मृती होती. नित्याच्या लेखनाने ती झिजून मधला पडदा बंद पडे. त्यासरशी मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा व काचेवरील बाष्प घालविण्याचे नियंत्रणही हातचे जाई. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने हा सुरक्षिततेचा दोष मानला आणि २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. मोठ्या क्षमतेची स्मृती बसविणे हा त्यावरील उपाय होता.

केवळ स्मृती बदलून मूळ कारण नाहीसे होत नाही. म्हणून तात्पुरत्या नोंदी चल स्मृतीत ठेवतात, मूळ प्रणाली केवळ वाचनीय करतात, तिच्या दोन प्रती बाळगतात आणि साधनाच्या अपेक्षित आयुष्यात किती लेखन होईल याचा हिशेब रचनेच्या वेळीच मांडतात.