पानथरीचे काप आणि घाईने दिलेला निकाल

१९५२ साली किंग आणि शुमाकर यांनी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना झालेल्या भयंकर जंतुसंसर्गाची नोंद केली, तोवर हा अवयव म्हणजे पोटातली अडगळ, असाच बहुतेक सर्जनांचा समज होता. मॉरिस आणि बुलक यांचे १९१९ चे उंदरांवरचे प्रयोग नेमके उलटे सांगत होते, पण त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढचे सगळ्यांना ठाऊकच आहे. न्यूमोकॉकसच्या लसी आल्या, फाटलेली पानथरी शिवण्याचे, तिची रक्तवाहिनी आतून बुजवण्याचे आणि नुसते डोळ्यांत तेल घालून थांबण्याचे मार्ग रुळले, बऱ्याच पानथऱ्या वाचल्या. त्याबद्दल तक्रार नाही. वाद आहे तो अपघातात जिच्या चिंधड्या झाल्या आणि जी काढावीच लागली, तिच्याबद्दल. तिचे काप त्याच रुग्णाच्या पोटात परत बसवावेत, की सगळीच बादलीत टाकावी?

बसवावेत, असे माझे मत आहे, आणि निसर्गानेच ते आधी सुचवले होते. १९७८ मध्ये पिअरसन आणि सहकाऱ्यांनी अपघातामुळे पानथरी काढलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी तपासल्या. पानथरी नसली की या पेशींवर खळगे साठत जातात. पण निम्म्याहून अधिक मुलांत ते अपेक्षेपेक्षा कमी निघाले. फुटताना पोटात सांडलेले कण रुजून कामाला लागले होते. सर्जन हेच मुद्दाम आणि नीट करतो. काही मिलिमीटर जाडीचे काप काढून आतड्यांवरच्या चरबीच्या पदराच्या, म्हणजे ओमेंटमच्या, घडीत ठेवायचे आणि टाके घालायचे. काप पातळच हवा, कारण सुरुवातीला त्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते. मधला भाग मरतो, कडेची पातळ पट्टी तेवढी झिरपत्या द्रवावर तग धरते आणि तिच्यातूनच पुढे तांबडा आणि पांढरा गर पुन्हा घडतो. ओमेंटमच निवडायचे कारण त्याचे रक्त मूळ पानथरीसारखेच यकृताकडे जाते. काही महिन्यांत रक्तातले हॉवेल-जॉली कण, म्हणजे पानथरी एरवी गाळते ते तांबड्या पेशींतले अवशेष, कमी झाले, की गाळणी सुरू झाली असे समजावे.

यावर विरोधक म्हणतात, गाळणी म्हणजे संरक्षण नव्हे. पानथरीचे असे सांडून रुजलेले कण पोटात असूनही माणसे संसर्गाने दगावली आहेत. खरे आहे. पण सांडलेल्या चुऱ्यावरून मोजून बसवलेल्या कापांचा न्याय करणे गैर. प्राण्यांवरील प्रयोगांत संरक्षण वस्तुमानावर अवलंबून दिसते. मूळ अवयवाच्या निम्म्याच्या आसपास ऊतक लागते. शोभेपुरते दोन तुकडे ठेवायचे आणि मग पद्धतच फसली म्हणायचे, हा प्रकार मला मान्य नाही. कापांना मूळ धमनीचा जोरदार पुरवठा मिळत नाही, म्हणून लस आणि ताप येताच प्रतिजैविक हे दोन्ही हवेतच. काप लसीच्या जोडीला आहेत, जागी नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त रुबाबदार: चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली मोठी चाचणी कुठे आहे? सिंगर यांच्या १९७३ च्या आढाव्यात अपघातामुळे पानथरी काढलेल्या रुग्णांतले अशा संसर्गाचे मृत्यू ०.५८ टक्के होते. एवढ्या विरळ घटनेत निम्मी घट दाखवायची तर हजारो रुग्ण वर्षानुवर्षे धुंडाळत बसावे लागेल. ती चाचणी होणार नाही हे मागणाऱ्यालाही कळते. तोवर प्रतिपिंडे, रक्तातले कण आणि स्कॅन यांवरच निर्णय घ्यावा लागणार, आणि ते कापांच्या बाजूने झुकतात.

मर्यादा अर्थात आहेत. रुग्णाचा रक्तदाब सावरत नसेल, आतडे फाटून पोट घाण झाले असेल, तर हा उद्योग करू नये. थॅलसेमियासारख्या रक्ताच्या आजारात पानथरीच त्रासाचे मूळ असते. तिथे काप बसवणे म्हणजे रोग परत पेरणे. सिकलसेलच्या अनेक रुग्णांत तर ती आपोआपच वाळून जाते, तिथे बसवायला काही उरतच नाही. उरतो तो अपघाताचा धडधाकट तरुण. त्याच्या पोटात अर्धा-पाऊण तास जास्त घालवायला आजकाल कोणी राजी नसते, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘पानथरी काढली’ एवढेच लिहून त्याला घरी पाठवतात. लसींच्या तारखांचा रकानासुद्धा कोरा.